बाहेरगावचे सभासद

सकाळी पावणेदहाला कृष्णात सुतारने उजव्या हाताच्या बोटाने बटण दाबले आणि निरोप गेला. पडद्यावर नेहमीची इंग्रजी ओळ उमटली. ती ओळ आली म्हणजे काम झाले, एवढे वाचनालयातल्या सौंदर्याने त्याला शिकवले होते. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

निरोप दोन वाक्यांचा होता. विरूपाक्ष हुक्केरी वारले. अंत्यविधी आज दुपारी.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या या वाचनालयाच्या दारात, चौकाला तोंड करून, एक मोठा काळा फळा आहे. वर सुविचार, खाली पेठेतल्या मयताची बातमी, मग एखादे व्याख्यान आणि सगळ्यात खाली फुटबॉलचा सामना किंवा त्याचा निकाल. वाचनालयात शिपाई म्हणून लागल्यापासून हा फळा कृष्णातच लिहीत आला होता. त्याचे अक्षर पेठेत सगळ्यांच्या ओळखीचे होते. आदल्या वर्षी, दोन हजार सालच्या दिवाळीत, वाचनालयात संगणक आला आणि कार्यवाहांनी ठरवले, की पेठ सोडून गेलेल्या सभासदांना हा फळा रोज ई-मेलने पाठवायचा. पुण्याचे, मुंबईचे, बंगळूरचे, एकटा मस्कतचा, असे सगळे पत्ते सौंदर्याने एका नावाखाली गोळा करून ठेवले. त्या नावावर टिचकी मारली की सगळ्यांना एकदम जाते. ते नाव होते 'बाहेरगावचे सभासद'. त्यात कोण कोण आहे हे पाठवताना दिसत नसे. फळा लिहितानाही कोण वाचणार हे दिसत नाही, म्हणून कृष्णातला त्यात काही वेगळे वाटले नव्हते.

संगणकावर मराठी अक्षरे होती, पण ती दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन होऊन पोचत. त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहावा लागे, आणि कृष्णात एका बोटाने लिही. फळ्यावर तो मयताच्या बातमीला चारी बाजूंनी चौकट काढायचा, 'दुःखद निधन' जाड खडूने, नाव त्याहून मोठे. आज सकाळी फळ्यावर ते सगळे त्याने केले होते. संगणकावर 'दुःखद' हा शब्द इंग्रजीत कसा बसवायचा, याच्यापाशी तो अडला. दोनदा लिहून खोडला. शेवटी 'वारले' लिहिले आणि मोकळा झाला.

बातमी पिराजीने आणली होती. पिराजी पेठेत दूध घालतो. वाचनालयाचे कुलूप काढताना तो सायकल टेकवून उभा राहिला.

"हुक्केरी अप्पा गेलं की रं पहाटं."

"काय सांगतोस? काल तर पेपर वाचत बसलं होतं हितं."

"झोपेतच. भाग्याचं मरण. दुपारनं हाय म्हणत्यात." मग त्याने आत वाकून संगणकाकडे पाहिले. "काय, आलं का तुला ते? दिवाळीपासनं शिकतोयस. माझं रेडकू एका दिवसात चालतंय."

"तुझ्या रेडकाला इंग्रजी न्हाय लागत," कृष्णात म्हणाला आणि खडू काढायला आत गेला.

विरूपाक्षअप्पांचे भांड्यांचे दुकान मागच्याच गल्लीत. दुकान थोरल्या मुलाच्या, संगमेशच्या हाती दिल्यापासून ते रोज सकाळी वाचनालयात येत, खिडकीजवळच्या बाकावर बसत आणि पेपर शेवटच्या पानापासून वाचत. धाकटा मृत्युंजय पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर होता. त्याचा ई-मेलचा पत्ता अप्पांनीच चिठ्ठीवर उतरवून आणून दिला होता. त्याला सामन्याचे निकाल तेवढे कळवत जा, म्हणाले होते.

कृष्णातने इंटरनेट बंद केले. वाचनालयात टेलिफोनची एकच तार होती. इंटरनेट चालू असले की फोन लागत नसे. तार मोकळी झाली आणि फोन लगेच वाजला.

"मामा, संगमेश बोलतोय. कवाधरनं लावतोय, नुसतं एंगेज. कुणाशी बोलत बसलासा?"

"कुणाशी न्हाय. इंटरनेट चालू होतं. कळलं मला, संगमेश. लई वाईट झालं."

"ऐका. फळ्यावर काय लिहू नका अजून. मृत्युंजय ऑफिसात सांगून पुण्यासनं निघतोय, स्वतः गाडी चालवत येतोय. अप्पा सिरीयस हायत, एवढंच सांगितलंय त्याला. तो चौकातनंच येणार. घरात पाऊल ठेवायच्या आधी फळा दिसंल त्याला."

"लिवलाय मी."

"मग पुसा. अव्वानं हजारदा बजावलंय. आमच्या मामाचं ठाऊक हाय की तुम्हाला."

ठाऊक होते. पेठेतल्या जुन्या माणसांना सगळ्यांनाच ठाऊक होते. संगमेशची आई बसव्वा संकेश्वरच्या. त्यांचे वडील गेले तेव्हा भाऊ निपाणीत होता. त्याला तार गेली. तारेत 'सिरीयस' लिहायची रीत असताना कोणीतरी खरे तेच लिहिले. भाऊ तार खिशात घालून मोटारसायकलवर बसला आणि तवंदी घाटात गेला. संकेश्वरच्या त्या घरातून लागोपाठ दोन अंत्ययात्रा निघाल्या. गाडी ज्याच्या हातात हाय त्याला खरं सांगू नये, असे बसव्वा तेव्हापासून म्हणत.

कृष्णातने फडके ओले केले आणि बाहेर जाऊन फळा पुसला. सुविचारही पुसला, सामनाही पुसला. एकटी मयताची बातमी पुसली तर मधली मोकळी जागा बघून लोक विचारतात. फळा काळा आणि ओला झाला. फडके पिळताना त्याचे हात थांबले.

तो आत आला आणि संगणकापुढे बसला. पुन्हा तार जोडली. यंत्राची ती नेहमीची किरकिर संपेपर्यंत तो उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. पाठवलेले निरोप जिथे राहतात ती जागा त्याला माहीत होती. सकाळचा निरोप तिथे सगळ्यात वर होता. त्याने त्याच्यापुढच्या चौकोनात खूण केली आणि पुसायचे बटण दाबले. ओळ गेली. त्याने एकदा पान बंद करून परत उघडून पाहिले. ओळ नव्हती.

साडेदहाला सौंदर्या आली. ती ग्रंथपालाचा कोर्स करून नुकतीच लागली होती आणि वयाने कृष्णातच्या मुलीएवढी होती. सायकलची चावी टेबलावर टाकते न टाकते तोच त्याने तिला सगळे सांगितले, आणि शेवटी म्हणाला, "पण पुसलं मी. फळाबी आणि हेबी."

ती त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसली.

"मामा, तुम्ही पुसलंय ते आपल्याकडची नक्कल. त्यांच्याकडं गेलेलं तिथंच आहे."

"मग ते परत बोलवायचं?"

"तसं बटण नाही."

"न्हाय म्हणजे?"

"गेलं ते गेलं. पोस्टाच्या पेटीत टाकल्यावर कसं असतं?"

"पोस्टाच्या पेटीपाशी पोस्टमन येईस्तवर उभा राहून हातापाया पडता येतंय." तो पडद्याकडे बघत राहिला. "एवढी हजारांची वस्तू, आणि तिला पुसायला फडकं न्हाय व्हय?"

सौंदर्या हसली नाही. "मृत्युंजयदादा ऑफिसात गेल्या गेल्या मेल बघतात," ती म्हणाली. "सामन्याच्या निकालाला दहाच्या आत उत्तर असतं त्यांचं."

कृष्णात उठला. चप्पल घालताना डावी-उजवी उलटी झाली, ती त्याने दारात सरळ केली.

हुक्केरींच्या घरी लिंगायतांच्या रीतीने अप्पांना बसते केले होते. पाठीला लोड, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचा हार. बसव्वा भिंतीला टेकून शेजारी बसल्या होत्या आणि अप्पांच्या गुडघ्यावरचे उपरणे सारखे करत होत्या. गल्लीतल्या बायका हलक्या आवाजात बोलत होत्या. संगमेश विधीसाठी जंगमस्वामींना आणायला माणूस पाठवत होता. कृष्णातने त्याला जिन्याखाली बोलावले आणि सांगितले.

संगमेशला पहिल्यांदा कळलेच नाही.

"फळा पुसलासा न्हवं?"

"फळा पुसला. पण त्येच मी संगणकावरनं पाठवलोतो. तुझा फोन यायच्या आधी. बाहेरगावच्या सगळ्यांना जातंय ते. त्यात मृत्युंजयबी हाय."

"त्याला एकट्याला नको म्हणायचं न्हाय?"

"कोण कोण हाय ते दिसत न्हाय त्यात."

संगमेश जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मग आवाज दाबून बोलला, पण प्रत्येक शब्द चावून. "तासभर फोन लावतोय मी तुम्हाला. तासभर. आणि तुमी त्या डब्यापुढं बसून अख्ख्या जगाला आवतान देताय? आग लावा त्या डब्याला."

फोन का लागला नाही, ते त्याने आधीच सांगितले होते.

संगमेशने आतल्या खोलीतून पुण्याला फोन लावला. कंपनीच्या बाईने सांगितले, की साहेब आत्ताच निघाले. जायच्या आधी संगणकावर बसले होते का, हे तिला माहीत नव्हते. गाडी तेच चालवत होते, एवढे तिने खिडकीतून पाहिले होते.

"अव्वाला यातलं काय बोलायचं न्हाय," फोन ठेवून संगमेश म्हणाला. "आणि जावा, बघा तिकडं काय कळतंय का."

वाचनालयात परत आल्यावर कृष्णातने खुर्ची सौंदर्याला दिली आणि स्वतः मागे उभा राहिला. तिने तार जोडली. दोन उत्तरे आली होती. एक मस्कतहून, नुसता हळहळीचा एक शब्द. दुसरे मृत्युंजयचे. तिने ते उघडले आणि वाचायला तोंड उघडून थांबली.

"तुम्हीच वाचा मामा. तुम्हाला लिहिलंय."

इंग्रजी अक्षरांतले मराठी त्याला लिहिण्यापेक्षा वाचायला सोपे जाई. तरी त्याने ओठ हलवत, एकेक शब्द जुळवत वाचले.

कृष्णातमामा, निरोप वाचला. सकाळी संगमेशअण्णाने सिरीयस म्हणून सांगितले तेव्हापासून किती वेळात पोचता येईल तेच डोक्यात होते. आता घाई उरली नाही. हळू येतो. मला कळले आहे हे घरी सांगू नका. अव्वाला वाटते मला माहीत नाही. ते तसेच असू दे.

खाली नाव नव्हते.

कृष्णातने परत एकदा वाचले. मग सौंदर्याला म्हणाला, "बंद कर. फोन येईल."

फोन आला. संगमेशच होता.

"काय कळलं?"

"न्हाय वाचलेलं त्यानं."

"कशावरनं?"

"मशीन दाखवतंय की. पाकीट बंदच हाय म्हणून."

पलीकडे संगमेशने मोठा श्वास सोडला. "बसवेश्वराची कृपा," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "मगाशी बोललो ते मनावर घेऊ नका मामा." फोन ठेवला गेला.

"असं काही दिसत नाही त्यात," सौंदर्या म्हणाली.

"ठाऊक हाय मला."

तिने त्याच्याकडे पाहिले आणि पडद्याचे बटण दाबले. पडदा काळा झाला. कृष्णातने ओले फडके खिडकीच्या गजावर वाळत घातले.

दुपारी वाचनालय बंद झाल्यावर तो हुक्केरींच्या घरी जाऊन बसला. एव्हाना स्वामी आले होते. बाहेर मंडपाचे दोन बांबू उभे राहिले होते. अंत्ययात्रेची वेळ कोणी विचारली की संगमेश म्हणे, मृत्युंजय येऊ दे. पुण्याच्या हमरस्त्यावर चौपदरीकरणाचे काम चालू होते. जागोजागी रस्ता खणला होता, वळणे काढली होती. कुठे कुठे ट्रक अडकतात यावर ओट्यावरच्या माणसांची चर्चा चालली होती. कोणी पेठनाक्याचे नाव घेई, कोणी कासेगावचे. कृष्णात ऐकत होता. मधूनच उठून तो कोपऱ्यापर्यंत जाई आणि परत येऊन बसे.

अडीचच्या सुमारास आत फोन वाजला. संगमेशने उचलला.

"कुठनं बोलतोयस? कराड? बरं, बरं." त्याने बाहेर बघून हात केला, सगळे गप्प झाले. "अप्पा? हायत. हायत तसंच. थांब, अव्वाला देतो."

त्याने तारेसकट फोन उचलून बसव्वांच्या मांडीशी आणून ठेवला. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. शेजारी अप्पा बसले होते. त्यांच्याकडे बघतच त्या बोलल्या.

"व्हय रे लेकरा. हायत. डोळं मिटून पडल्यात नुसतं." आवाज कुठेही हलला नाही. "जेवलास का? चहा तरी घे. सावकाश ये. गडबड करू नको."

मग त्या ऐकत राहिल्या. पलीकडचे बोलणे थोडेच असावे. "बरं," म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवला. हाताने चाचपून, नीट बसला की नाही ते बघून.

"काय म्हणाला?" संगमेशने विचारले.

"सावकाश येतोय म्हणाला."

संगमेश सुटल्यासारखा बाहेर गेला आणि ओट्यावर सांगू लागला, की कराडला पोचलाय, आता काळजी नाही. आत बायका परत कुजबुजू लागल्या. बसव्वा अप्पांच्या गुडघ्यावरचे उपरणे सारखे करत राहिल्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "कृष्णात."

तो जवळ जाऊन बसला.

"दवाखाना कुठला, ते इचारलं न्हाय त्यानं."

कृष्णातने खाली फरशीकडे पाहिले. फरशीवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. त्यातली एक त्याने उचलली आणि कुठे ठेवावी ते न कळून मुठीत धरली.

बसव्वांनी त्याच्या मुठीकडे पाहिले.

"फळा लिवला का?" त्या म्हणाल्या.

"लिवलोतो सकाळी. संगमेशनं पुसाय लावला."

"लिवा परत."

संगमेश दारात आला होता. "अव्वा, तो चौकातनंच येणार हाय."

"येऊ दे की. वाचाय येतंय त्याला."

"अगं पण तूच..."

"जावा कृष्णात," बसव्वा म्हणाल्या. "अक्षर चांगलं काढा. ह्ये पेपर वाचून आलं की रोज बोलायचं, कृष्णातसारखं अक्षर छापखान्यालाबी जमत न्हाय म्हणून."

कृष्णात वाचनालयात आला तेव्हा तीन वाजत आले होते आणि सौंदर्या दार उघडत होती. फळा वाळून पांढुरका झाला होता. सकाळच्या चौकटीची रेघ अंधूक दिसत होती. त्याने फडके पुन्हा ओले करून फळा कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसला, वाळू दिला, आणि नव्याने चौकट आखली. 'दुःखद निधन' लिहिले. नाव लिहिताना तो स्टुलावर चढला. अंत्ययात्रा आज, एवढे लिहून पुढे वेळेची जागा मोकळी सोडली. सुविचार आणि सामना लिहिला नाही.

चौकातली चार माणसे थांबून वाचत होती. पिराजी संध्याकाळच्या दुधाच्या किटल्या घेऊन चालला होता, तोही थांबला.

"वेळ कुठाय रं?"

"यायची हाय."

सौंदर्या दारात आली. "मामा, बाहेरगावच्यांना पाठवायचं का आता नीट लिहून? मी टाइप करते, तुम्ही सांगा."

कृष्णातने खडूचा हात विजारीला पुसला आणि आत टेबलावरच्या फोनकडे पाहिले.

"नको. तार मोकळी असू दे."

तो स्टूल आत न नेता त्याच्यावरच बसला, फळ्याकडे पाठ करून, चौकाकडे तोंड करून. कराडहून कोल्हापूरला यायला एरवी दीड तास पुरतो. रस्ता खणलेला असला तर दोन.

पावणेपाचपर्यंत गाडी चौकात आली नव्हती. फोनही वाजला नव्हता.